गिटारीच्या डोक्यावरचं नाव

६ जून १९६८, प्लासेन्शिया, कॅलिफोर्निया

पहिली टॅकेट गिटार मला खरी कितीला पडली, याचा आज हिशेब मांडला. स्वयंपाकघराच्या दाराची फळी एक. माझी बायको नडीन, तिच्या शिवणयंत्राची मोटर एक. तार गुंडाळायला म्हणून काढली, ती अजून परत बसलेली नाही. माझा जुना दोस्त हॉलिस, त्याच्या डाव्या करंगळीचं टोक, करवतीखाली गेलेलं. आणि नवं दार लागेपर्यंत बायकोचा अबोला. तोच सगळ्यांत महाग पडला.

एवढं घालून एक गिटार झाली. तिच्या डोक्यावर मी माझं आडनाव रंगवलं. ओक्लाहोमातून फाटक्या ट्रकमधून आलेल्या, शाळा अर्ध्यात सोडलेल्या, लोकांचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचं आडनाव.

हिशेब आठवायचं कारण असं. आज सांता आनाला एका दुकानाच्या काचेत नवी टॅकेट टांगलेली दिसली. खाली काढायला लावली. मान जिथे बॉडीत बसते तिथे फट! खिशातलं एक सेंटचं नाणं काढून त्या फटीत घातलं, तर ते आत जाऊन आरामात उभं राहिलं.

दुकानदार म्हणाला, "ओ काका, असं नका करू, महागाची गिटार आहे."

"नाव काय लिहिलंय तिच्यावर?"

"टॅकेट."

"मीच तो."

तो हसला. "काहीतरीच काय. टॅकेट तर कधीच वारला. कंपनीचा माणूस सांगत होता."

नाणं तसंच फटीत ठेवून आलो.  

७ जून

कारखाना मी विकला, हे खरं. गेल्या वर्षी मार्चमध्ये विकला. मागणी वाढत होती, जागा पुरत नव्हती, आणि मी दमलो होतो. घेणारे ग्रॅनबी-क्लाइन, ओहायोचे, व्हॅक्यूम क्लीनर बनवणारे. घर झाडायच्या यंत्रातून गिटारीत यायची त्यांना हौस का आली, देव जाणे. लॉस एंजेलिसभोवतीचे गिटारवाले अशा कुणी ना कुणी गिळले. कुणाला पियानोवाल्यांनी, कुणाला फर्निचरवाल्यांनी. त्यातला एकजण आता देवाची पुस्तकं विकत दारोदार फिरतो.

पण मी दुधखुळा नाही. करार करताना टेबलाच्या पलीकडे त्यांचे तीन वकील आणि अलीकडे मी एकटा. चौदावं कलम मी घातलं. टॅकेटचा आवाज जसा आहे तसाच राहिला पाहिजे. वाद झाला तर निवाडा एकाच गोष्टीवर व्हायचा, डेल्बर्ट टॅकेटच्या कानावर. खरी जुनी टॅकेट कुठली आणि यांची कुठली, हे मी न बघता ओळखून दाखवलं की नाव माझं मला परत. तज्ज्ञ नको, यंत्र नको, दुसऱ्या कुणाचा कान नको.

एक वकील म्हणाला, "फक्त तुमचाच कान? आणि तुम्हाला काही झालं तर?"

मी म्हटलं, "मी मेलो ना, तरी माझे कान आठवडाभर चालू राहतील!"

सगळे पोट धरून हसले. सही झाली.

१२ जून

कारखान्यात गेलो होतो. मला तिथे अजून एक खोली आहे. दारावर 'सल्लागार', खाली गालिचा. सल्ला विचारायला आत्तापर्यंत फक्त गालिचा धुणारा आला.

आमच्याकडे एक रीत होती. दुपारच्या सुट्टीत त्या दिवशी झालेली प्रत्येक गिटार मागच्या धक्क्यावर, जिथे ट्रक लागतो तिथे, मोठ्या स्पीकरला जोडायची. कुणीतरी वाजवायचं, बाकीचे डबे उघडून जेवत ऐकायचे. मी स्पीकरला खेटून खोक्यावर बसायचो, ती माझी जागा ठरलेली. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला काही खटकलं, अगदी झाडूवाल्याला जरी, तर त्यानं ओरडायचं, "परत!" कारण विचारायचं नाही. गिटार परत आत. अठरा वर्षं असं चाललं. आज धक्क्यावर गेलो, तर तिथे खोक्यांची थप्पी.

प्रेन्टिस म्हणून नवा व्यवस्थापक आहे. पस्तिशीचा, टाय कधी सैल न करणारा. त्याला विचारलं, "स्पीकर कुठे गेला?"

"मिस्टर टॅकेट, त्या रीतीमुळे रोज अकरा-बारा टक्के माल परत जायचा."

"त्यासाठीच तर ती रीत होती!"

"आता तपासनीस आहेत. कागदावर तपासतात."

"गिटार वाजवता येते त्यांना?"

"त्याची गरज नाही," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे. या ओहायोवाल्यांची एक खोड आहे, सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. मला दोनदा विचारायला लागलं.

रंगाच्या खोलीत गेलो. आमचं पॉलिश कागदाइतकं पातळ असायचं, खाली लाकूड श्वास घ्यायचं. आता प्लास्टिकचा थर ओततात, साखरेत घोळवलेल्या सफरचंदासारखा. लाकूड जड, स्वस्तातलं. उचलून बघितलं तर खांदा दुखायला लागला. हे वाजवायचं की दाराला अडसर म्हणून लावायचं?

१९ जून

कॉन्सुएलो बारागान संध्याकाळी घरी आली, मक्याच्या उकडलेल्या तमालेंचा डबा घेऊन. म्हणजे बातमी वाईट. चांगली बातमी ती रिकाम्या हाताने सांगते.

ही बाई नसती तर टॅकेट नसती. तारांखाली चुंबक असतं, त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची. कॉन्सुएलो ती बोटांतून सोडायची, इकडे जरा सैल, तिकडे जरा आवळून, रेडिओवरच्या गाण्याबरोबर मान हलवत. कधी थांबायचं ते तिच्या बोटांना कळायचं. गिटारीचा आवाज तिथेच जन्मतो.

"डॉन डेल्बर्ट, मला खोकी चिकटवायला बसवलंय," ती म्हणाली. तिच्या स्पॅनिशमधलं 'डॉन', म्हणजे साहेब, ती अजून सोडत नाही. "तार आता यंत्र गुंडाळतं. आणि रेडिओ बंद. म्हणे लक्ष विचलित होतं. खोक्यांचं लक्ष?"

"आणि आवाज?"

"यंत्र माझ्या बरंच आधी थांबतं. तांबं वाचवतात मेले. आवाज असा होतो, काचेवर नख ओढावं ना, तसा. माझ्या भाच्यानं वाजवली, तर कुत्रा उठून बाहेर गेला."

"मेलेला आवाज," मी म्हटलं. "मला ठाऊकच होतं. मेलेला, बोथट."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बोथट नाही हो. टोचणारा."

"तेच ते."

तमाले खाल्ले. राग असला की मला भूक लागते. नडीन म्हणते म्हणूनच माझं पोट एवढं आहे. देशातल्या प्रत्येक संतापाला मी एक घास दिलाय.

२२ जून

हॉलिसबरोबर यॉर्बाच्या रस्त्यावरच्या बारमध्ये. हॉलिस क्रॅब आणि मी एकाच ट्रकमधून कॅलिफोर्नियात आलो. टॅकेटची प्रत्येक मान त्यानं हाताने घासलेली. अजून तिथेच नोकरीला आहे, पण आता मान यंत्र कापतं आणि हा फक्त धूळ झाडतो.

गाडी लावतोय तोच बाहेर गिटार ऐकू आली. मी त्याचा दंड धरला. "थांब. ऐक. ही घंटा! ही कॉन्सुएलोची तार. पैज लाव."

"डेल, चल आत. घसा वाळलाय."

आत गेलो, तर स्टेजवरच्या गड्याच्या हातात हिरवी टॅकेट. हॉलिस म्हणाला, "हा हिरवा रंग यांनी यंदाच काढला."

क्षणभर मीही चक्रावलो. मग डोक्यात उजेड पडला. "अरे, हुशार गडी आहे! बॉडी नवी घेतली आणि आत जुनी तार बसवली. जुन्या वस्तूची किंमत कळणारे लोक अजून आहेत, बघ."

मी विचारायला उठत होतो, हॉलिसनं खाली बसवलं. "राहू दे. वाजवू दे त्याला." आणि कागदी रुमालाचे बोळे करून कानांत घातले त्यानं! म्हातारा झाला बिचारा. मी स्पीकरसमोर बसून सगळं ऐकलं. पुष्कळ दिवसांनी जिवाला बरं वाटलं.

३० जून

गॅरेजमधली माझी स्वतःची टॅकेट, एकोणिसशे त्रेपन्नची, दमली की काय कळेना. घोंगडी पांघरून बोलल्यासारखी वाजते. तारा बदलल्या. पुन्हा बदलल्या. मग डबी बघितली तर कळलं, तारांचा धंदाही ग्रॅनबी-क्लाइननेच घेतलाय! गोठ्यापर्यंत पोचले हे लोक. स्पीकरवरची बारीक आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली तेव्हा कुठे जरा खुलली.

नडीन दारात येऊन उभी, दोन्ही हात कानांवर. काहीतरी ओरडत होती. "शेजारच्या मांजरांनी पळ काढला, डेल्बर्ट! आणि फोन किती वेळ वाजतोय!"

"मला कसा नाही ऐकू आला?"

तिनं खुंटी फिरवून स्पीकर बंद केला. रात्रीच्या जेवणाला म्हणाली, एकदा डॉक्टर वाइसला दाखवून ये. कशाला? रक्तदाब उत्तम आहे. टीव्हीवरून पण आमचं रोज वाजतं, हल्लीचे बातम्या देणारेही ओहायोचेच असावेत.

८ जुलै

चौदाव्या कलमाची नोटीस दिली. वाटलं होतं प्रेन्टिस टाळाटाळ करील, वकील बोलावील. कसलं काय. म्हणाला, "अवश्य. एक ऑगस्टला करू. पडद्यामागे सहा गिटारी, तीन तुमच्या काळातल्या, तीन आमच्या. वाजवणारा बाहेरचा. तुम्ही सांगायचं कुठल्या तीन खऱ्या."

"आणि मी सांगितलं की नाव पुसायचं."

"त्याच दिवशी. आणि नाही सांगता आलं, तर नाव कायमचं आमचं. कलमात तसंच आहे."

मी खिडकीतून धक्क्याकडे बघत होतो. तो मागे कागद चाळत होता. मी वळलो तर तो माझ्याकडे बघत थांबलेला. बहुधा काही विचारलं असावं त्यानं. असल्या माणसाला दर वेळी उत्तर द्यायला मी बांधलेला नाही. तो हसला आणि मग मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, "एक. ऑगस्ट. नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. "तुमची झोप उडणार बघा."

१५ जुलै

हॉलिसनं राजीनामा दिला! मी मागितला नव्हता. कॉन्सुएलोनेही दिला. नाव परत आलं की माझ्या जुन्या रेडिओच्या दुकानामागची शेड घ्यायची, आम्ही तिघं आणि नडीन. महिन्याला दहा गिटारी, जास्त एकही नाही. नडीननं या वेळी नव्या शिवणयंत्राची मोटर देऊ केली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दाखवलं नाही.

फक्त हॉलिस गाडीत बसताना म्हणाला, "डेल, एकदाच विचारतो. नक्की ना?"

"काय नक्की?"

"ओळखशील ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "हॉलिस क्रॅब, तू हे मला विचारतोस? तिसऱ्या ओळीतल्या बाईच्या बांगड्या वाजल्या तर गिटार थांबवणारा माणूस मी. वाळूतून साप गेलेला मला ऐकू यायचा!"

"यायचा, हे खरं आहे," तो म्हणाला. गाडी सुरू केली आणि गेला. वीस वर्षांची नोकरी होती, घाबरला असेल.

१७ जुलै

कारखान्याच्या कुंपणावर नवी पाटी. 'टॅकेट: एका माणसाचा आवाज.' माझा फोटो, तरुणपणीचा. मला न विचारता. कोपऱ्यात बारीक अक्षरात ग्रॅनबी-क्लाइन. मेलेल्या माणसाचा लावतात तसा फोटो. गाडी थांबवून एक दगड शोधला. मग तो माझाच चेहरा आहे हे लक्षात येऊन टाकून दिला.

२६ जुलै

आज कॉन्सुएलोशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

ती अंगणात आली, नडीनशी आधी काहीतरी बोलली, मग माझ्याकडे. "डॉन डेल्बर्ट, त्या दिवशी मी तुमच्या मागच्या खुर्चीवर बसते. माझी तार वाजली की तुमच्या खुर्चीला पायानं हलकेच टेकवीन. कुणाला कळणार नाही."

"का?"

"असंच. खात्रीसाठी."

"म्हणजे लबाडी करायची? त्यांच्यासारखी?"

"ते काही लबाडी करत नाहीत, तिथंच तर घोळ आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून आणखी काहीतरी बोलली, ते मला नीट लागलं नाही. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल, लाजतेस कशाला?"

ती मोठ्याने म्हणाली, "अहो, माझा नवरा पंधरा वर्षं डबे ठोकायच्या कारखान्यात होता. मी ओळखते ते!"

"तुझ्या नवऱ्याचा इथे काय संबंध?"

तिनं नडीनकडे बघितलं. नडीन दोरीवरचे कपडे काढायला लागली, ते अजून ओले होते. मी सांगून टाकलं, "कॉन्सुएलो, तुझी तार मला झोपेतसुद्धा ओळखू येते. हे नाव मी स्वतःच्या कानानं मिळवलं आणि त्याच कानानं परत घेईन. खुर्चीला पाय लागला तर मी तिथेच उठून जाईन."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही मालक."

"आता नाही मी मालक. सहा दिवसांनी होईन."

ती हसली नाही. नेहमी हसते.

३१ जुलै

झोप नाही. नडीननं मका घालून पाव भाजला, राजमा केला, माझ्या आईसारखा. जेवताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "काहीही झालं तरी तू तूच आहेस." हे काय बोलणं? उद्या मी जिंकणार आहे.

२ ऑगस्ट

काल काय झालं ते लिहायला आजची दुपार गेली.

कारखान्याच्या जेवणघरात खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला जाड निळा पडदा. वाजवणारा हॉलिवूडचा, दोघांनी मिळून ठरवलेला, प्रत्येक गिटारीवर तीच चाल वाजवणार. नोटरी बाई एक. आमच्या बाजूने नडीन, हॉलिस, कॉन्सुएलो. प्रेन्टिस शेवटच्या खुर्चीवर, पाय जुळवून.

एक नंबरची वाजली. बोथट. घोंगडीतली. मला मनातून हसू आलं. एवढं सोपं?

दोन सुरू झाली आणि माझ्या छातीत काहीतरी उघडलं. घंटा! नितळ, धारदार, पहिल्या दिवसासारखी. मागे खुसफूस झाली, खुर्ची करकरली असावी. प्रेन्टिसनं हात वर करून शांत बसायला सांगितलं. तीन नंबरचीही तशीच. चार बोथट. पाच, काय सांगू, डोळे मिटून ऐकली. सहा पुन्हा घोंगडी.

मी उभा राहिलो. छोटंसं भाषणही केलं. म्हटलं, "मिस्टर प्रेन्टिस, व्हॅक्यूम क्लीनर तुम्ही उत्तम बनवत असाल. पण दोन, तीन आणि पाच, हाच तो टॅकेटचा आवाज. बाकीच्या तिन्ही तुमच्या, त्या तुम्हालाच लखलाभ."

कुणी टाळी वाजवली नाही. वळून बघितलं तर कॉन्सुएलो उठून बाहेर गेली होती. नडीन पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत होती.

पडदा सरकला. माझा विश्वास बसेना. मी ओरडलो. पडदा जाड आहे, खाली गालिचा आहे, स्पीकर तुमचा आहे, आकडे बदललेत! नोटरी बाई घाबरून उभी राहिली. प्रेन्टिस शांतपणे म्हणाला, "उघडून बघा. तुमच्याच माणसानं बघू दे."

मग हॉलिसनं खिशातला त्याचा स्क्रूड्रायव्हर काढला. मानेच्या बुडाशी, लाकडात, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, मान बसवणारा तारीख लिहितो, ती पद्धत आमच्यापासूनची. प्रेन्टिसच्या लोकांना ती बंद करायचं सुचलेलं नाही. हॉलिस खाली बसून एकेक स्क्रू काढत होता. त्या अर्ध्या करंगळीच्या हाताने त्यानं सहाही माना सोडवल्या, टेबलावर ओळीनं ठेवल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

प्रेन्टिसनं मला पेन दिलं. नाव कायमचं त्यांचं, त्यावर सही. वर अतिशय नम्रपणे विचारलं, "'हाच तो टॅकेटचा आवाज', हे तुमचं वाक्य जाहिरातीत घेतलं तर चालेल ना? तुम्ही साक्षीदारांसमोर म्हणालात."

मी त्याला जे म्हटलं ते नडीन ही वही वाचते म्हणून लिहीत नाही.

हॉलिस सोमवारी लाँग बीचला विमानांच्या कारखान्यात विचारायला जाणार आहे. छप्पन्नाव्या वर्षी. कॉन्सुएलोची बहीण संत्र्याच्या शेडमध्ये फळं निवडायला जाते, ती तिच्याबरोबर जाईल. दोघांपैकी कुणीही मला एक वाकडा शब्द बोललं नाही, त्याचाच मला जास्त राग येतोय. बोला ना! अठरा वर्षं ओरडायला शिकवलं तुम्हाला.

नडीननं वाइस डॉक्टरची वेळ घेतली आहे, मंगळवारची. मी जाईन म्हटलं, तिच्या समाधानासाठी. स्पीकर त्यांचा होता, हे मी अजूनही म्हणतो.

मानांचं तेवढं लिहायचं राहिलं. एक, चार आणि सहा नंबरच्या मानांवर हॉलिसच्याच हस्ताक्षरात तारखा होत्या, सत्तावन्न, साठ आणि बासष्टच्या. दोन, तीन आणि पाच या तिन्ही यंदाच्या मे महिन्यात बनलेल्या आहेत.